आगगाडी थांबविण्याचा अधिकार

आगगाडीच्या इतिहासांत वेगाचें कौतुक पुष्कळ झालें आहे. थांबण्याचें कौतुक मात्र फारसें कोणीं केलेलें नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेल्या पहिल्या गाडीचें वर्णन आपल्याकडे इतक्यांदा झालें आहे, कीं तिचे १४ डबे आणि त्यांतील सुमारें ४०० पाहुणे शाळेंतील मुलांनाहि पाठ असतात. परंतु ती गाडी ठाण्यास पोहोंचल्यावर थांबली कशी, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वास्तविक पाहतां, जें वाहन हवें तेव्हां थांबवितां येत नाहीं त्यास वाहन म्हणणेंच चुकीचें; तो डोंगरावरून लोटलेला एक धोंडा होय. ऐन संकटाच्या वेळीं गाडी थांबविण्याचा अधिकार कोणाच्या हातीं असावा, या प्रश्नाचें उत्तर गेल्या पावणेदोनशें वर्षांत अनेकदां बदललें. प्रत्येक बदलापूर्वीं कोठें ना कोठें माणसें मेलीं, आणि मगच तो बदल झाला. त्या बदलांची हकीकत सांगावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा विषय बीड जिल्ह्याच्या निमित्तानें मांडावासा वाटतो, यास कारण आहे. या जिल्ह्यांत आगगाडी अगदींच नवी नाहीं. निजामाच्या अमदानींतच परळी वैजनाथास रूळ आले. वैजनाथाच्या दर्शनास येणारे यात्रेकरू आणि घाटनांदूर, परळी या स्थानकांवर चढणारे शेतकरी यांना एंजिनाची शिटी पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. पण जिल्ह्याचें मुख्य ठिकाण जें बीड शहर, तें मात्र आगगाडीवांचूनच राहिलें. अहमदनगर-बीड-परळी या सुमारें २६१ किलोमीटरच्या मार्गास १९९५ च्या सुमारास मंजुरी मिळाली. सप्टेंबर २०२२ मध्यें गाडी आष्टीपर्यंत आली. आणि बीडच्या स्थानकांतून अहिल्यानगरकडे पहिली गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं, म्हणजे मराठवाडा-मुक्तीच्या दिवशीं. त्या वेळीं बीड ते परळी हा भाग अद्याप व्हावयाचाच होता. मंजुरीच्या वर्षीं जन्मलेलें मूल पहिली गाडी सुटली त्या दिवशीं तीस वर्षांचा गृहस्थ झालेलें होतें. अशा रीतीनें एकाच जिल्ह्यांत एका टोकास आगगाडीशीं नव्यानें ओळख करून घेणारा समाज आहे, तर दुसऱ्या टोकास, परळीच्या मार्गावर, गाडी आपोआप थांबविणारें अगदीं अलीकडचें यंत्र देशांत आरंभींच्या काळांत बसलें आहे. या दोन टोकांच्या मध्यें जो इतिहास घडला, तो बीडच्या नव्या उतारूनें जाणून घेण्यासारखा आहे.

प्रथम, गाडी थांबविणें इतकें कठीण कां, हें पाहूं. बैलगाडीचें चाक मातींत रुततें, मोटारीचें रबरी चाक रस्त्यास घट्ट धरतें. आगगाडीचें पोलादी चाक मात्र पोलादी रुळावरून घसरत जातें म्हटलें तरी चालेल. घर्षण थोडें म्हणूनच एक एंजिन एवढें ओझें ओढूं शकतें, आणि घर्षण थोडें म्हणूनच तें ओझें लवकर थांबत नाहीं. जो गुण तोच दोष. परळीच्या औष्णिक वीजकेंद्रासारख्या ठिकाणीं कोळसा नेणाऱ्या मालगाडीस ५८ वाघिणी असल्या, तर तिचें भरलेलें वजन साडेचार हजार टनांहून अधिक होतें. शिवाय वेग दुप्पट झाला कीं गतीबरोबर सांठलेली शक्ति चौपट होते, आणि थांबण्यास लागणारें अंतरहि साधारणतः त्याच मानानें वाढतें. ड्रायव्हरास समोर रुळावर गाय दिसते तेव्हां बहुधा उशीर झालेलाच असतो. म्हणून आगगाडीचा ब्रेक हा हाताच्या बळाचा प्रश्न कधींच नव्हता. तो आरंभापासून व्यवस्थेचा प्रश्न होता.

ही गोष्ट लोकांस कळावयास मात्र वेळ लागला. पहिल्या गाड्यांत ब्रेक असे तो एंजिनाच्या मागच्या कोळशाच्या गाड्यास आणि गार्डाच्या डब्यास. मधले डबे नुसते सांखळदंडानें ओढले जात. ड्रायव्हरानें ठराविक प्रकारें शिटी वाजवावी, ती ऐकून गार्डानें आपल्या डब्यांतील चक्र गरगर फिरवावें, म्हणजे लांकडी ठोकळे चाकांवर दाबले जात. शिटी ऐकूं न आली, गार्डाचें लक्ष नसलें किंवा त्याचे हात अपुरे पडले, तर पुढें काय होईल हें देवाधीन. सपाट मैदानांत ही व्यवस्था कशीबशी चाले; घाटांत ती चालणें शक्य नव्हतें.

बीडहून नव्या मार्गानें अहिल्यानगर, दौंड, पुणें करीत मुंबईस जाणाऱ्या उतारूस जो बोरघाट उतरावा लागतो, तोच या इतिहासांतील महाराष्ट्राची पहिली शाळा होय. १८६३ सालीं हा घाट आगगाडीस खुला झाला. कांहीं ठिकाणीं त्याची चढण ३७ फुटांस १ फूट इतकी आहे. डोंगर एका दमांत चढणें अशक्य म्हणून खंडाळ्याखालीं एक उलट फिरण्याचें स्थानक केलें होतें. तेथें गाडी थांबावयाची, एंजिन दुसऱ्या टोकास जोडावयाचें आणि मग उलट्या दिशेनें पुढची वाट धरावयाची. वरून येणारी गाडी तेथें थांबलीच पाहिजे, कारण रुळाचें टोक तेथेंच संपे आणि पुढें दरी होती. जानेवारी १८६९ मध्यें भय होतें तेंच घडलें. उतरणारी एक गाडी आवरेना, ती त्या स्थानकांत न थांबतां टोकापलीकडे गेली आणि माणसें प्राणास मुकलीं.

बोरघाटांत आणि कसाऱ्याच्या थळघाटांत रेल्वेच्या एंजिनियरांनीं या संकटावर जी एक युक्ति योजिली, ती दिसावयास साधी असली तरी तिच्यांत मोठें शहाणपण आहे. मुख्य मार्गास फुटणारी एक आडवाट डोंगराच्या चढावर नेऊन सोडावयाची. हिला कॅच सायडिंग म्हणतात. सांधा एरव्हीं या आडवाटेच्याच बाजूस लावलेला असावयाचा. उतरणाऱ्या गाडीनें आधीं थांबून दाखवावें, आणि ती थांबली अशी खात्री झाल्यावरच तिच्यासाठीं मुख्य मार्ग मोकळा करावा. गाडी बेफाम सुटली असेल तर ती आपोआप चढावर जाईल आणि स्वतःच्याच भारानें थांबेल. या नियमाचा अर्थ नीट लक्षांत घ्यावा. प्रत्येक गाडी सुरक्षित आहे असें धरून चालावयाचें आणि एखादी फसली म्हणजे धांवाधांव करावयाची, ही सामान्य मनुष्याची रीत. घाटाचा नियम याच्या उलट आहे: प्रत्येक गाडी बेफाम आहे असेंच समजावयाचें, आणि तसें नसल्याचें तिनें सिद्ध केल्यावर तिला वाट द्यावयाची. पुढें जो जो सुधारलेला ब्रेक निघाला, त्याच्या मुळाशीं हाच विचार आहे. १९२९ मध्यें नवा मार्ग झाल्यावर उलट फिरण्याचें तें स्थानक बंद झालें, आणि त्याच सुमारास आलेलीं विजेचीं एंजिनें घाट उतरतांना स्वतःच वीज उत्पन्न करून ती वरच्या तारेंत परत देऊं लागलीं. उताराची ओढच ब्रेकाच्या कामीं आली. तरीहि ब्रेक तपासण्यासाठीं घाटांत थांबण्याची शिस्त सुटली नाहीं.

बोरघाटांत हा अपघात झाला त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत अमेरिकेंत जॉर्ज वेस्टिंगहाउस नांवाच्या बावीस वर्षांच्या तरुणानें हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकाचा हक्क नोंदविला. दोन्ही गोष्टींचा परस्परांशीं संबंध नाहीं. परंतु रोग आणि औषध यांची गांठ एकाच सालीं पडावी हा योग लक्षांत राहण्याजोगा आहे. त्याच्या पहिल्या यंत्रांत एंजिनावर दाबलेली हवा नळीनें प्रत्येक डब्यास पोहोंचे, आणि एका ड्रायव्हराच्या हातानें सर्व डब्यांचे ब्रेक एकदम लागत. शिटी, गार्ड आणि चक्र या तिघांवरचें अवलंबन संपलें. पण यांत एक मोठें वैगुण्य होतें. नळी फुटली किंवा डबे मध्येंच तुटले, कीं हवा निघून जाई आणि ज्या घटकेस ब्रेक सर्वांत अधिक हवा त्याच घटकेस तो नाहींसा होई.

१८७२ मध्यें वेस्टिंगहाउसनें आपलीच कल्पना उलटी केली. प्रत्येक डब्याखालीं दाबलेल्या हवेची स्वतंत्र टांकी ठेवली आणि एक विशेष झडप बसविली. नळींत दाब भरलेला असेतोंपर्यंत ब्रेक मोकळा. नळींतील दाब उतरला, मग तो ड्रायव्हरानें उतरविलेला असो, गार्डानें असो, कीं नळी तुटल्यामुळें असो, डब्याची टांकी आपली हवा ब्रेकाच्या दट्ट्यावर सोडी आणि चाकें आवळलीं जात. म्हणजे गाडी मोडली तर ती थांबावी, सुटूं नये. घाटांतील सांध्यास जें लागू होतें, तेंच आतां प्रत्येक चाकास लागू झालें.

उपाय सांपडला म्हणजे तो लगेच अमलांत येतो, असें मात्र नाहीं. इंग्लंडांत १८७५ सालीं नेवार्क येथें निरनिराळ्या ब्रेकांची परीक्षा झाली. तज्ज्ञांनीं आपोआप लागणाऱ्या ब्रेकाची शिफारस वारंवार केली. परंतु खर्च आणि सवय यांमुळें कित्येक कंपन्या स्वस्थ बसल्या. १२ जून १८८९ रोजीं आयर्लंडांत आर्मा गांवाजवळ, रविवारच्या धर्मशाळेंतील मुलांना सहलीस नेणारी एक भरगच्च गाडी चढणीवर अडकली. तिच्या डब्यांस जो ब्रेक होता तो आपोआप लागणारा नव्हता. अर्धी गाडी आधीं वर नेऊन ठेवावी, असें ठरवून कामगारांनीं डबे मध्येंच सोडविले. त्यासरशीं मागच्या डब्यांचा एंजिनाशीं असलेला ब्रेकाचा संबंध तुटला. उरला तो शेवटल्या डब्यांतील हाताचा ब्रेक आणि चाकांखालीं ठेवलेले दगड. पुढचा भाग किंचित् मागें येऊन धक्का बसला, दगड चुरडले गेले आणि मुलांनीं भरलेले ते डबे उताराला लागले. मागून दुसरी गाडी येत होती. सुमारें ८० माणसें मेलीं, त्यांत मुलें पुष्कळ. डब्यांचीं दारें कुलूपबंद होतीं. त्याच वर्षीं पार्लमेंटानें कायदा करून उतारूंच्या सर्व गाड्यांस आपोआप लागणारा अखंड ब्रेक सक्तीचा केला. चौदा वर्षें कागदावर पडलेली शिफारस आर्माच्या मुलांमुळें कायदा झाली.

हिंदुस्थानच्या रेल्वेनें याच तत्त्वाचा दुसरा प्रकार दीर्घकाळ वापरला; त्यास निर्वात ब्रेक म्हणतात. यांत नळींत हवा भरावयाची नसते, तर ती काढून घ्यावयाची असते. एंजिनावरील यंत्र नळींतील हवा शोषून घेई आणि पाऱ्याच्या २१ इंचांइतकी पोकळी राखी. प्रत्येक डब्याखालच्या नळकांड्यांत दट्ट्याच्या वर आणि खालीं अशी दोहों बाजूंस पोकळी असे, म्हणून दट्ट्या स्थिर राही. नळींत बाहेरची हवा शिरली, कीं ती दट्ट्याच्या खालच्या बाजूस जाई. वरची बाजू मात्र एका गोळीच्या झडपेनें बंद झालेली असे. मग पृथ्वीभोंवतालच्या वातावरणाचा भारच दट्ट्या वर उचली आणि ब्रेक लागे. लांब व जड गाड्यांस हा ब्रेक अपुरा पडूं लागला, कारण वातावरणाच्या भारापेक्षां अधिक जोर त्यास मिळणें शक्यच नव्हतें. म्हणून १९८० नंतरच्या दशकांत क्रमाक्रमानें दाबलेल्या हवेचा ब्रेक आला. त्याच्या नळींत दर चौरस सेंटिमीटरास ५ किलोग्रॅम दाब असतो. पद्धति बदलली तरी तत्त्व तेंच राहिलें.

आतांपर्यंत थांबविण्याची सत्ता गार्डाकडून ड्रायव्हराकडे आणि ड्रायव्हराकडून यंत्राकडे गेली. पण ज्याचे प्राण गाडींत असतात, त्या उतारूचें काय? आरंभीं उतारू हा एक प्रकारचा बंदिवानच असे. डबा बंद, शेजारच्या डब्यांत जाण्यास वाट नाहीं, आणि आंत कांहींहि घडलें तरी ड्रायव्हरास कळविण्याचें साधन नाहीं. ९ जुलै १८६४ रोजीं लंडनमध्यें धांवत्या गाडीच्या डब्यांत टॉमस ब्रिग्ज नांवाच्या बँकेंतील गृहस्थावर घातक हल्ला झाला, त्यांतच त्याचा अंत झाला, आणि साऱ्या इंग्लंडास हादरा बसला. चार वर्षांनीं, १८६८ च्या कायद्यानें, वीस मैलांहून अधिक अंतर न थांबतां जाणाऱ्या गाड्यांत उतारूंस कामगारांशीं संपर्क करण्याचें साधन हवें असें ठरलें. प्रथम तें साधन म्हणजे डब्यांच्या बाहेरून नेलेली एक दोरी असे. ती ओढली कीं घंटा वाजावयाची. पुढें ब्रेकाची नळी साऱ्या गाडीभर गेली, तेव्हां घंटेची गरज उरली नाहीं. दोरीची सांखळी झाली आणि सांखळीचा संबंध थेट नळीशीं जोडला गेला.

आपल्याकडे १८९० च्या रेल्वे कायद्यांत या साधनाचा उल्लेख आहे आणि त्याबरोबर दंडहि आहे. पुरेशा व वाजवी कारणाशिवाय त्याचा उपयोग करणारास ५० रुपयांपर्यंत दंड, हें कलम १०८ मधील वाक्य पुढें डब्याडब्यांतून लाल अक्षरांनीं झळकलें. त्या काळीं ५० रुपये ही सामान्य मनुष्याच्या दृष्टीनें जबर रक्कम होती. तरीहि या कलमांत उतारूचा एक प्रकारें सन्मानच आहे. परक्या राज्यांत, जेथें प्रजेस बहुतेक कोणत्याच गोष्टींत विचारलें जात नव्हतें, तेथें तिसऱ्या वर्गाच्या बांकावर बसलेल्या उतारूच्या डोक्यावरहि अशी एक सांखळी आली, कीं जी ओढून त्यानें सबंध गाडी थांबवावी. कारण वाजवी आहे कीं नाहीं, याचा पहिला निर्णय त्याचा, न्यायाधीश मागाहून. एवढ्या अवाढव्य सार्वजनिक यंत्रावर सामान्य माणसाच्या सारासारबुद्धीस इतका अधिकार दुसऱ्या कोठें क्वचितच दिलेला आढळेल.

सांखळी ओढल्यावर नेमकें काय होतें, याविषयीं पुष्कळांचे समज चुकीचे असतात. जुन्या घडणीच्या डब्यांत ती ओढली म्हणजे डब्याच्या टोकाशीं असलेली एक लहानशी झडप उघडते. तिचें छिद्र मुद्दाम बारीक ठेवलेलें असतें. त्यामुळें नळींतील दाब हळूहळू उतरतो, ब्रेक लागूं लागतो आणि ड्रायव्हरासमोरील कांटा खालीं येतांना दिसतो. मग तो गाडी पुरती थांबवितो. म्हणजे सांखळी ही जितकी शक्ति आहे तितकीच ती हांक आहे. गाडी थांबल्यावर ज्या डब्याची खूण बाहेर वळलेली दिसेल, तेथपर्यंत एका कामगारास पायीं जावें लागतें, चौकशी करावी लागते आणि किल्लीनें झडप पूर्ववत् करावी लागते. तोंपर्यंत मागच्या गाड्या थांबून राहतात. आपल्या शेतापाशीं उतरावें, मागें राहिलेल्या सोबत्यास गाडी मिळावी, अशा कारणांसाठीं सांखळी ओढणारे लोक हा सारा खर्च दुसऱ्यांच्या खात्यावर टाकीत असतात. १९८९ च्या कायद्यांत कलम १४१ प्रमाणें या अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. दंड कितीहि वाढविला तरी खरी हानि पैशाची नाहीं. खोट्या हांकांची संवय झाली, कीं खरी हांक ऐकणाराचा कान मंद होतो.

या अधिकाराचें मोल अलीकडच्या दोन घटनांत स्पष्ट दिसतें. १६ ऑक्टोबर २०२३ रोजीं आष्टीहून अहमदनगराकडे निघालेल्या गाडीच्या पांच डब्यांस आग लागली. गाडी थांबली, उतारू खालीं उतरले, आणि डबे जळाले तरी कोणाचा जीव गेला नाहीं. बीड जिल्ह्याच्या नव्या मार्गावरील गाडी जेमतेम एका वर्षाची झाली होती. थांबणें आणि उतरणें या दोन गोष्टी वेळेवर झाल्या, म्हणजे अरिष्ट केवळ मालमत्तेवर निभावतें.

दुसरी घटना २२ जानेवारी २०२५ ची, जळगांव जिल्ह्यांत पाचोऱ्याजवळची. लखनौहून मुंबईकडे येणाऱ्या पुष्पक एक्स्प्रेसमध्यें आग लागल्याची आवई उठली. चाकापाशीं ठिणग्या दिसल्या, त्या आवळून राहिलेल्या ब्रेकाच्या किंवा तापलेल्या आंसाच्या असाव्यात, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. कोणीं तरी सांखळी ओढली. गाडी थांबली. भयभीत उतारू शेजारच्या रुळावर उतरले, आणि त्याच रुळावरून बंगलोरहून दिल्लीकडे जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस भरधांव आली. किमान १२ माणसें ठार झालीं. सांखळीनें आपलें काम चोख केलें होतें. ज्या गाडीस तिनें थांबवावयाचें ती थांबली होती. परंतु शेजारच्या मार्गावरील गाडीस त्याची वार्ता नव्हती. गाडी थांबविण्याच्या सबंध इतिहासांतलें उणें राहिलेलें एक पान त्या दिवशीं उघडें पडलें: थांबलेली गाडी ही स्वतःच्या उतारूंस सुरक्षित वाटली तरी तिच्या भोंवतालची वाहतूक थांबलेली नसते.

रेल्वेच्या नियमकर्त्यांस हें ठाऊक नव्हतें, असें नाहीं. वाटेंत गाडी थांबली आणि दुसरा मार्ग अडला, तर एंजिनावरील लुकलुकणारा दिवा लावावा, कामगारानें पुढें धांवत जाऊन ६०० मीटरवर एक आणि १,२०० मीटरवर तीन स्फोटक इशारे रुळांवर ठेवावेत, म्हणजे येणाऱ्या गाडीच्या चाकांखालीं ते फुटून ड्रायव्हर सावध होईल, असा नियम जुना आहे. पण माणसाचे पाय १,२०० मीटर जाईपर्यंत भरधांव गाडी किती तरी कोस ओलांडते. येथेंहि शेवटीं मनुष्याच्या हातापायांपेक्षां जलद अशा साधनाची गरज होतीच.

ड्रायव्हराविषयीं असा विचार पूर्वींच झालेला होता. मुंबईस ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं विजेची गाडी सुरू झाली. अशा लोकलगाड्यांत ड्रायव्हराचा हात ज्या मुठीवर असतो ती सुटली, कीं वीज बंद होऊन ब्रेक लागतो. हात निपचित पडला तर गाडीहि थांबावी, हा तिचा हेतु. अलीकडच्या एंजिनांत ठराविक वेळांत ड्रायव्हरानें कांहीं हालचाल केली नाहीं, तर आधीं दिवा, मग भोंगा आणि शेवटीं ब्रेक अशी योजना असते. परंतु जागा असलेला ड्रायव्हरहि चुकूं शकतो. धुकें असतें, तांबडा दिवा नजरेंतून निसटतो. तेव्हां त्याच्या चुकीवरहि झडप घालणारें यंत्र हवें होतें.

असें यंत्र आपल्या देशांतच तयार झालें. त्याचें नांव ‘कवच’. रुळांच्या मध्यें बसविलेल्या खुणा गाडीला ती कोठें आहे हें सांगतात. स्थानक आणि एंजिन यांच्यांत रेडिओनें संदेश जात-येत राहतात. तांबडा दिवा ओलांडण्याचा संभव दिसला, वेग मर्यादेबाहेर गेला, किंवा एकाच मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊं लागल्या, आणि ड्रायव्हरानें हालचाल केली नाहीं, तर हें यंत्र स्वतः ब्रेक लावतें. शिवाय संकटांत सांपडलेल्या गाडीचा ड्रायव्हर कळ दाबून जवळपासच्या ‘कवच’ असलेल्या गाड्यांस थांबवूं शकतो. पाचोऱ्याजवळ जो दुवा नव्हता, तो हाच. उतारूंच्या गाडीवर याची परीक्षा फेब्रुवारी २०१६ मध्यें दक्षिण मध्य रेल्वेवर सुरू झाली, आणि २०२० मध्यें तें सबंध देशासाठीं स्वीकारण्यांत आलें. ४ मार्च २०२२ रोजीं विकाराबादजवळ गुल्लगुडा आणि चिटगिड्डा या स्थानकांमध्यें दोन एंजिनें एकमेकांच्या दिशेनें सोडण्यांत आलीं. एकांत स्वतः रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव बसले होते. ब्रेकास हात न लावतां त्यांचें एंजिन दुसऱ्यापासून ३८० मीटरवर उभें राहिलें.

आतां परळीकडे येऊं. दक्षिण मध्य रेल्वेवर आरंभीं ज्या १,४६५ किलोमीटर मार्गांवर ‘कवच’ बसलें, त्यांत बीदर-परळी वैजनाथ-परभणी हा सुमारें २४१ किलोमीटरचा मार्ग होता. मुंबई-दिल्लीच्या राजमार्गांआधीं हें संरक्षण मराठवाड्यांतील या आडमार्गास मिळालें. ज्या जिल्ह्याच्या शहरानें आगगाडीची वाट तीस वर्षें पाहिली, त्याच जिल्ह्यांतील एका जुन्या स्थानकावरून जाणारी वाट या बाबतींत देशाच्या पुढें राहिली, ही गोष्ट बीडकरांस माहीत असावी आणि तिचा त्यांस अभिमान वाटावा. अर्थात् मार्गावर यंत्र असून चालत नाहीं. तें त्या मार्गावरील प्रत्येक एंजिनावरहि असावें लागतें. अर्धें कवच म्हणजे कर्णाचें दान दिलेलें कवच. अंगावर नसलें तर त्याच्या कीर्तीचा रणांत उपयोग नाहीं.

यंत्र इतकें शहाणें झाल्यावर डोक्यावरच्या त्या जुन्या सांखळीची गरज उरली काय, असें कोणी विचारील. उरली आहे. ‘कवच’ रूळ पाहतें, दिवे पाहतें, वेग मोजतें; पण डब्यांत कोणाचा पदर दारांत अडकला आहे, कोणाच्या छातींत कळ आली आहे, कोणत्या बांकाखालून धूर निघत आहे, हें त्यास दिसत नाहीं. तें पाहणारा उतारूच. म्हणून थांबविण्याचा अधिकार यंत्राकडे कितीहि गेला, तरी त्याचा एक वाटा सामान्य माणसाकडेच राहावयाचा, आणि त्या वाट्याबरोबर दोन कर्तव्यें येतात. कारणाशिवाय सांखळीस हात लावूं नये, हें पहिलें; तें पाटीवर लिहिलेलें असतें. दुसरें पाटीवर ठळक लिहिलेलें नसतें, पण पाचोऱ्यानें तें रक्तानें लिहिलें आहे: गाडी थांबली म्हणून लगेच उतरूं नये, आणि उतरणें भागच पडलें तर दुसऱ्या रुळांच्या बाजूस कधींहि उतरूं नये. बीडच्या शाळांतून मुलांस जेव्हां आगगाडीचा धडा शिकविला जाईल, तेव्हां एंजिनाच्या चित्राखालीं या दोन ओळीहि असाव्यात.